बझरचा गळा दाबू नका



आज जुन्या गाडीतल्या दोन लहान वायरिंगबद्दल बोलू या: छताचा दिवा आणि सीटबेल्टचा बझर. दिवा बिघडला तर आपण तो दुरुस्त करतो. बझर बिघडला तर मात्र त्याला गप्प करतो. धोका इथेच आहे.

१ जुलै २०१९ पासून भारतात नव्या मोटारींमध्ये चालक आणि शेजारचा प्रवासी, दोघांसाठी बेल्टची आठवण देणारी यंत्रणा सक्तीची झाली. त्याआधीच्या कित्येक गाड्यांत ती नाही, किंवा फक्त चालकापुरती आहे.

आधी दिवा बघू, म्हणजे बझर आपोआप कळेल. बहुतेक जुन्या गाड्यांत छताच्या दिव्याला फ्यूजमधून पॉझिटिव्ह कायम मिळतो. दाराच्या चौकटीत बटणासारखा स्विच असतो. दार उघडलं की बटण बाहेर येतं आणि दिव्याची दुसरी वायर बॉडीला, म्हणजे अर्थिंगला, मिळते. दिवा लागत नसेल तर आधी बल्ब बघा, मग फ्यूज, मग तो स्विच काढून गंज घासा. दमट हवेत दोष बहुधा तिथेच सापडतो. उलट, बटण आत अडकून बसलं नाही तर दार लावल्यावरही दिवा जळत राहतो. १० वॅटचा बल्ब सुमारे ०.८ अँपिअर खातो. ३५ अँपिअर-तासांची बॅटरी दोन दिवसांत रिकामी!

बझरचं तत्त्व हेच. बकलच्या आत एक बारीक स्विच असतो. साध्या रचनेत बेल्ट लावलेला नसताना तो अर्थिंग देतो आणि बझर वाजतो. बेल्टची जीभ आत गेली की जोड तुटतो. शेजारच्या सीटखाली वजन ओळखणारा सेन्सर असेल तर जड पिशवीलाही तो माणूस समजतो. पिशवी खाली ठेवा, प्रश्न मिटला. बेल्ट लावूनही बझर वाजत असेल तर बकलमध्ये धूळ किंवा सांडलेला चहा गेलाय का, सीट मागेपुढे सरकवून खालची वायर सोलली आहे का, हे तपासा.

जुन्या गाडीत नवा बझर बसवताना तीन गोष्टी पाळा. पॉझिटिव्ह इग्निशनवर चालू होणाऱ्या लाइनवरून, स्वतंत्र फ्यूज लावून घ्या. निगेटिव्ह बकलच्या स्विचमधून थेट बॉडीला द्या. आणि दाराच्या स्विचची वायर जवळ दिसते म्हणून तिला जोडू नका. तसं केलंत तर बझर बेल्टचं नाही, दाराचं ऐकेल. शिवाय किल्ली बंद असतानाही दिव्याच्या बल्बमधून उलटा करंट इग्निशनच्या लाइनमध्ये शिरू शकतो.

एअरबॅगच्या गाडीत सीटखालच्या पिवळ्या कनेक्टरला हात लावू नका. तिथे टेस्ट लॅम्पही नको. ते काम अधिकृत वर्कशॉपचं.

आता त्या नकली क्लिपबद्दल. बकलमध्ये नुसती क्लिप खोचली की बझर गप्प होतो. २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच मोठ्या ऑनलाइन विक्री मंचांना या क्लिपा हटवायला सांगितलं. ते योग्यच झालं. एअरबॅग ही बेल्टच्या जोडीने काम करण्यासाठी असते. बेल्ट नसेल तर माणूस पुढे फेकला जातो आणि फुगणाऱ्या एअरबॅगचाच मार त्याला बसू शकतो.

फौजेत गाडी निघण्यापूर्वी रोज 'फर्स्ट परेड' होते: तेल, पाणी, टायर, दिवे. तुमच्या गाडीचीही करा. दार उघडा, दिवा बघा. किल्ली फिरवा, बझर ऐका. बेल्ट लावा, तो थांबतो का बघा. अर्धं मिनिट लागतं. यातलं काही चुकलं, तर त्याच आठवड्यात वायरमनकडे जा. आणि त्याला 'बझर बंद कर' असं नाही, 'बझर नीट कर' असं सांगा.

जय हिंद!