मरणोत्तर मूत्रपिंडदान व त्याचें यश
(पोफळी येथें महोत्सवप्रसंगीं दिलेलें व्याख्यान)



आनंदाच्या दिवशीं आम्ही मरणाचा विषय काढतों, ह्याचें आपणांस नवल वाटेल. परंतु कोयनेच्या पाण्यापासून आपल्या पोफळींत जी वीज होते, ती कोणाच्या घरीं उजेड करते, हें आपणांस कोठें ठाऊक असतें? तसेंच मृताचें मूत्रपिंड अनोळखी माणसास आयुष्य देतें. तें दान सफल कशानें होतें, एवढेंच आज सांगावयाचें आहे.

पहिली गोष्ट दात्याची प्रकृति. मस्तिष्कस्तंभ मृत झाला तरी यंत्राच्या साहाय्यानें हृदय कांहीं काळ चालतें. १९९४ च्या कायद्याप्रमाणें चार डॉक्टरांचें मंडळ किमान सहा तासांच्या अंतरानें दोनदां परीक्षा करून मृत्यु निश्चित करितें. त्या अवधींत रक्तदाब सांभाळला नाहीं, तर मूत्रपिंडास इजा होते. दात्याचें वय व मधुमेहासारखे जुने विकारही पाहावे लागतात.

दुसरी गोष्ट वेळ. काढलेलें मूत्रपिंड थंड द्रावणांत घालून बर्फांत ठेवितात व शक्यतों २४ तासांच्या आंत बसवितात. उशीर होईल तसें तें काम सुरू करण्यास विलंब लावतें, आणि रोग्यास कांहीं दिवस पुन्हां डायालिसिस घ्यावें लागतें. पावसाळ्यांत कुंभार्ली घाटांत दरड कोसळली म्हणजे काय होतें, हें आपणांस सांगावयास नको. म्हणून विभागीय केंद्राच्या यादींत ज्याचें नांव आहे, त्यानें प्रवासाची तजवीज आधींच करून ठेवावी.

तिसरी गोष्ट जुळणी. रक्तगट व ऊतींचें साम्य पाहतात. रोग्याच्या रक्तांत दात्याच्या पेशींविरुद्ध द्रव्यें नाहींत ना, हेंही तपासतात.

चौथी गोष्ट रोग्याची निष्ठा. १९५४ सालीं बोस्टन येथें जुळ्या भावाचें मूत्रपिंड बसविलें, तें परकें नव्हतें. इतरांस मात्र मूत्रपिंड टिकेपर्यंत रोज औषधें घ्यावीं लागतात. बरें वाटतें म्हणून किंवा पैसे नाहींत म्हणून गोळ्या सोडल्या, तर शरीर तें मूत्रपिंड नाकारूं लागतें. अशा घरास औषधांसाठीं हात देणें, हें शेजाऱ्यांचें काम आहे.

परंतु ह्या साऱ्याच्या आधीं आप्तांची संमति लागते. आम्ही एकदां अतिदक्षता विभागाच्या दाराशीं एका कुटुंबासह बसलों होतों. मुलाची इच्छा काय होती, हें कोणासच ठाऊक नव्हतें. एकमत होईतों वेळ निघून गेली. पुढें आईनें आम्हांस विचारिलें, "फादर, आम्ही आधीं कां बोललों नाहीं?" आमच्यापाशीं उत्तर नव्हतें.

पोप दुसरे जॉन पॉल ह्यांनीं २९ ऑगस्ट २००० रोजीं रोम येथें प्रत्यारोपणतज्ज्ञांसमोर अवयवदानास प्रेमाचें कृत्य म्हटलें, आणि संमति जाणून व स्वेच्छेनें दिलेली असावी, असेंही बजाविलें. जाणून देण्यास आधीं बोलावें लागतें. आज रात्रीं जेवतांना आपापल्या घरीं हा विषय काढावा, एवढीच आमची विनंति आहे.