परसांतलें स्वयंपाकघर



शाळेच्या पुस्तकांत ऋतु तीन असतात, पंचांगांत सहा. आमच्या बारामती-इंदापूरच्या मुलखांत, उघड्यावर चूल मांडणाऱ्या माणसाच्या हिशेबानें, ते चार आहेत : उन्हाळा, वळीव, पावसाळा आणि थंडी. वळवाला मी वेगळा ऋतु मानतों तो अनुभवानें. बाकीच्या तिघांनीं मिळून माझ्या परसांतल्या स्वयंपाकघराचें जेवढें नुकसान केलें नाहीं, तेवढें वळवानें वैशाखांतल्या एका तिसऱ्या प्रहरीं अर्ध्या घटकेंत केलें. तें स्वयंपाकघर कां मोडलें आणि दुसरें कसें उभें राहिलें, एवढेंच आज आपणांस सांगावयाचें आहे.

आपणांपैकीं पुष्कळजण शहरांत राहतात. तरी गांवचें जुनें घर दुरुस्त करतांना किंवा मळ्यांत दोन खोल्या बांधतांना परसांत चूल असावी, अशी इच्छा अलीकडे बहुतेकांना होते. आमच्याकडे ती कधींच नुसती हौस नव्हती. चैत्र-वैशाखांतल्या कुरडया, पापड आणि सांडगे, वर्षाचा काळा मसाला भाजणें, लग्नकार्याचा स्वयंपाक, थंडींत आंघोळीचें पाणी तापविणें, हीं सारीं कामें घरांत करूं गेल्यास घर राहण्याजोगें उरत नाहीं. मिरच्या भाजल्या म्हणजे शेजारचें घरही उरत नाहीं! माझ्या आईनें मात्र जन्मभर माळवदाखालच्या अंधाऱ्या खोलींत स्वयंपाक केला. धूर जावयास वर वीतभर भोंक होतें, आणि तेंही पावसाळ्यांत झांकलेलें असे. तिचा खोकला आम्हीं मुलांनीं लहानपणापासून ऐकला. तो चुलीचा आहे हें मला फार उशीरां कळलें. घरांतल्या धुरानें २०२० सालीं जगांत सुमारें ३२ लक्ष माणसें मेलीं, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. त्या आंकड्यांत मला एक खोकणारी बाई दिसते. म्हणून माझ्या घरची चूल बाहेर असावी, असा मीं हट्ट धरला.

हट्ट योग्य होता, बांधकाम अयोग्य होतें. पंधरा वर्षांपूर्वीं मीं मळ्यांतल्या घरामागें हातभर पाया खणला, वर सिमेंटचा ओटा केला, चार लोखंडी खांब रोवले आणि पत्रे खिळ्यांनीं ठोकून दिले. काम आठ दिवसांत उरकल्याचा मला अभिमान वाटला. पहिल्या पावसाळ्यांत ओटा एका बाजूनें उचलला गेला. उन्हाळ्यांत तो खचला आणि आरपार तडकला, इतका कीं भेगेंतून पळी खालीं जाई. मग वळीव आला. घरांतली मंडळी चुलीपुढें बसली होती. टपोरे थेंब पडूं लागतांच वाळत घातलेल्या कुरडया उचलावयास ती अंगणांत धांवली, आणि तिच्या पाठीमागें दोन पत्रे सुटून ती बसली होती त्या पाटावरून गोठ्यापर्यंत गेले. कुरडया भिजल्या. त्याबद्दल त्या वर्षीं घरांत कोणीं तक्रार केली नाहीं.

पुढें एका म्हाताऱ्या गवंड्यास जागा दाखविली. त्यांनीं ओट्याकडे पाहिलें नाहीं, खालची माती मुठींत घेऊन चुरली आणि म्हणाले, “गुरुजी, ही काळी हाय. हिच्यात ज्वारी लावा. घर बांधायचं तर मुरूम लागंस्तवर खाली उतरा.”

या एका वाक्यांत सारें आलें. जुन्या माणसांनीं गांवाच्या जमिनीचे दोन भाग मानले होते, काळी आणि पांढरी. काळींत पीक, पांढरींत वस्ती. नीरेचा डावा कालवा १८८५ सालीं सुरू झाला, तसा बारामतीकडे ऊस आला आणि माणसें पांढर सोडून मळ्यांत राहावयास गेलीं. उजनीचें धरण १९८० सालीं पुरें झालें, तेव्हां इंदापूर तालुक्यांतल्या भीमाकांठच्या कित्येक गांवांची पांढरच पाण्याखालीं गेली. पाणी ओसरलें म्हणजे पळसदेवचें जुनें दगडी देऊळ अजून वर दिसतें. लोक उठून वर आले ते पुष्कळ ठिकाणीं काळींत. घरें अशीं काळींत उभीं राहिलीं, पण काळीचा स्वभाव बदलला नाहीं. तिच्यांतली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि वाळली कीं आकसते. थंड देशांत जमिनींतलें पाणी गोठून पाया वर उचललें जातें, म्हणून तेथें पाया गोठणाऱ्या थराच्या खालीं नेतात. आमच्याकडे बर्फ नाहीं, पण तेंच काम काळी माती करते. त्यांतून आमचा पाऊस विचित्र. सह्याद्रीच्या आडोशामुळें वर्षाकाठीं तो सुमारें ५०० मिलिमीटर, म्हणजे वीस इंच. आणि त्याचा मोठा वांटा भाद्रपद-आश्विनांत एकदम येतो. मे महिन्यांत पारा ४० अंशांवर चढलेला असतो, तेव्हां जमीन पार भेगाळलेली असते. असें वर्षांतून एकदां फुगणें आणि एकदां आकसणें.

माझ्या परसांत मुरूम साडेचार फुटांवर लागला. तेवढें खोल दगडी पायाचें काम केलें. जोतें दीड फूट उंच घेऊन आंत निवळ मुरूम भरला. अर्धा अर्धा फूट थर घालून, पाणी मारून चोपला. काढलेली काळी माती पुन्हां आंत टाकण्याचा मोह होतो, कारण ती फुकट असते. तो टाळावा. जोत्याभोंवतीं तीन फूट रुंद फरसबंदी करून तिला बाहेरच्या बाजूस फुटामागें पाव इंच उतार दिला, म्हणजे पावसाचें पाणी पायाशीं मुरत नाहीं. चुलीवर सावली हवी म्हणून लिंबाचें झाड अगदीं जवळ लावूं नये. त्याचीं मुळें उन्हाळ्यांत पायाखालची ओल ओढतात आणि भेग पुन्हां उघडते.

आतां भिंती आणि छप्पर. आषाढ-श्रावणांतलें वारें पश्चिमेकडून धुळीसह येतें आणि दुपारचें ऊनही तिकडूनच. म्हणून पश्चिमेची भिंत पुरी, नऊ इंची विटांची. बाकीच्या तीन बाजू अडीच फुटांपर्यंत बांधून वर उघड्या. थंडींत सकाळचें ऊन पूर्वेकडून थेट आंत येतें, आणि पौषांत पारा १० अंशांच्या खालीं उतरतो त्या दिवशीं घरांतलीं सगळीं माणसें तेथेंच चहाला जमतात. भिंतीच्या सांध्यांना नुसतें सिमेंट न वापरतां एक भाग सिमेंट, एक भाग चुना आणि सहा भाग वाळू घेतली. चुन्याचा सांधा थोडा लवतो, तडकत नाहीं. पूर्वीं चुना घाणींत मळून त्यांत गूळ, हिरडा, बेलफळ घालीत. बेलफळें आतां कोण गोळा करणार!

पत्रा पूर्वीं कां उडाला, हें त्या वेळीं मला समजलें नव्हतें. वारा वरून दाबतो अशी माझी समजूत. वस्तुतः उघड्या छपरींत वारा आंत शिरून खालून उचलतो आणि वरून सरकणारा वारा ओढतो. ज्यांना पत्राच घालावयाचा असेल त्यांनीं तो खिळ्यांनीं न ठोकतां आंकड्याच्या बोल्टांनीं, वायसर घालून, नळीच्या उंचवट्यावर आवळावा, आणि खांब पायांत काँक्रीटनें धरून ठेवावे. मीं मंगलोरी कौलें घातलीं. १८६५ सालीं बासेल मिशनच्या कारखान्यानें मंगळुरास तीं करावयास आरंभ केला. कौल तापलें तरी पत्र्यासारखें डोकें उठवीत नाहीं, आणि फटींतून धूरही निघून जातो. कडेच्या ओळी चुन्या-सिमेंटांत बसविल्या. कारण वळवाला दिशा नसते, आणि कडेचें एक कौल सुटलें कीं बाकीचीं त्याच्या मागें जातात. गारांनीं फुटतील म्हणून वीस कौलें शिलकेस ठेवलीं आहेत. उसाच्या पाचटाचें छप्पर मात्र चुलीवर कोणींही घालूं नये. तें गार असतें खरें, पण एक ठिणगी पुरते.

चुलीचा धडा मला गुऱ्हाळानें दिला. आमच्या भागांतलें सर्वांत मोठें उघडें स्वयंपाकघर म्हणजे गुऱ्हाळच. त्याचें चुलवण महिनोन्महिने चिपाडावर धगधगत असतें आणि वर काहिलींत रस उकळत असतो. तरी तें कोणी कायमचें बांधीत नाहीं. गुळव्या दर हंगामाला आंतून मातीनें नवें करतो. याच्या उलट मीं पहिली चूल सिमेंटची केली होती. सिमेंट तीन-चारशें अंशांच्या पुढें तापलें कीं त्यांतलें बांधलेलें पाणी निघून जातें आणि तें भुसभुशीत होतें. काळ्या दगडाचेंही तसेंच; ओल धरलेला दगड, विशेषतः नदींतला गोटा, विस्तवांत फुटून उडतो. म्हणून ज्यावर ऊन-पाऊस पडतो तें पक्कें करावें, आणि ज्यास आग लागते तें बदलतां येईल असें कच्चें ठेवावें. माझी आतांची चूल आणि तिचा वैल विटांचे आहेत, सांधे मातीचे. वारुळाची माती, लीद आणि भुसा कालवून केलेले. चूल आणि पक्का ओटा यांमध्यें बोटभर फट ठेवून तींत राख भरली आहे, म्हणजे चूल तापून फुगली तरी ओट्याला ढकलीत नाहीं. ओट्यावर शहाबादी फरशी आहे. तिच्यावर लिंबू किंवा चिंचेचा कोळ सांडला तर पांढरा डाग कायम राहतो, हें आधीं ठाऊक असावें.

चूल बाहेर आणली म्हणून धूर आपोआप जातो असें नाहीं. बाई तर चुलीच्या तोंडाशींच बसलेली असते. धुरांडें हवेंच. माझें विटांचें आहे, छपराच्या वर तीन फूट, डोक्यावर टोपी आणि तळाशीं काजळी काढावयास झडप. महिन्यांतून एकदां काजळी न काढल्यास तेंच धुरांडें धूर खालीं ढकलतें. जळणाचाही प्रश्न आहे. उसाचें पाचट शेतांतच जाळून टाकतात तें पाहून वाईट वाटतें. पुण्याच्या ‘आरती’ या संस्थेनें डॉ. आनंद कर्वे यांच्या पुढाकारानें त्याच पाचटाचा कोळसा करून कांड्या पाडण्याची रीत बसविली, आणि २००२ सालीं तिला इंग्लंडांतलें ॲशडेन पारितोषिक मिळालें. असा कोळसा जवळजवळ बिनधुराचा जळतो. मात्र कोळशाची शेगडी बंद खोलींत कधींही ठेवूं नये. त्या वायूला वास नसतो आणि तो जीव घेतो.

गॅस आतां खेड्यांतही पोंचला आहे. २०१६ सालच्या उज्ज्वला योजनेपासून तर तो गरिबाघरींही गेला. परसांत गॅस ठेवावयाचा असल्यास टाकी उभी आणि सावलींत असावी, आणि तिच्या कप्प्याला अगदीं जमिनीलगत जाळी ठेवावी. हा वायु हवेपेक्षां जड आहे; गळला तर वर न जातां खालीं साचतो. वर झरोका ठेवून निश्चिंत झालेलीं शहाणीं माणसें मीं पाहिलीं आहेत.

कामाचा मुहूर्त विचाराल तर दिवाळीनंतरचा. तेव्हां पाऊस संपलेला असतो, ऊन बेताचें असतें, आणि सांध्यांना दहा दिवस पाणी मारून ओलें ठेवणें जमतें. चूल पंधरा दिवस सावलींत वाळूं द्यावी आणि पहिला जाळ बारीक काटक्यांचा करावा. आमच्या चुलीचें तोंड मीं नकाशांत उत्तरेस काढलें होतें. मंडळींनीं तें काम चालूं असतांनाच पूर्वेस फिरवून घेतलें. बसल्या जागेवरून अंगणांतलें वाळवण आणि पश्चिमेकडे वळून पाहिल्याशिवाय फाटकांतून येणारें माणूस दिसलें पाहिजे, असें तिचें म्हणणें. नकाशा माझा, चूल तिची. या दिवाळीनंतर आंतलें अस्तर तिसऱ्यांदां बदलावयाचें आहे. वारुळाची माती आणून गोठ्यांत झांकून ठेवली आहे.