पुन्हा विवरात
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त के. आर. पुरम येथे दिलेल्या व्याख्यानाची संहिता)



सुवर्णमहोत्सवाच्या व्यासपीठावरून भयपटासारख्या विषयावर बोलावे, हे काहींना खटकेल याची मला कल्पना आहे. परंतु ज्या भाषेत नारायण धारपांच्या कादंबऱ्या वडीलधाऱ्यांची नजर चुकवून रात्र रात्र वाचल्या गेल्या, त्या भाषेच्या माणसांनी भीतीला कमी लेखू नये. शिवाय सोने आणि विवर यांचे नाते आपल्या या उपनगराच्या दाराशीच आहे. ते कसे, ते ओघाने येईलच.

गुहेवरचा एक गाजलेला इंग्रजी भयपट आहे, ‘द डिसेंट’. नील मार्शल यांचा हा चित्रपट २००५ साली आला. सहा मैत्रिणी अमेरिकेतील डोंगरांमधल्या एका अनोळखी गुहेत उतरतात, वाट बुजते, आणि आत आणखी कोणीतरी आहे हे त्यांच्या ध्यानी येते. ब्रिटनमध्ये दाखविलेल्या प्रतीत नायिका शेवटी अंधारातच राहते. अमेरिकेत तो शेवट छाटला आणि ती बाहेर पडली. २००९ मध्ये दुसरा भाग निघाला तो या छाटलेल्या शेवटाच्या आधाराने. पहिल्या चित्रपटाचे संकलक जॉन हॅरिस यांनी तो दिग्दर्शित केला. त्यात नायिकेची स्मृती गेलेली आहे आणि उरलेल्या मैत्रिणींच्या शोधासाठी पोलीस अधिकारी तिला पुन्हा त्याच गुहेत घेऊन जातो. स्मृतिभ्रंश हा आपल्याकडील नाटककारांचाही जुना मदतनीस. पण येथे तो फारच उघडा पडतो. जिवानिशी सुटलेला माणूस परत का जाईल, या प्रश्नाला लेखकापाशी उत्तर नव्हते, म्हणून त्याने तिचे जाणतेपणच काढून घेतले. माझ्या मते अशा प्रत्येक दुसऱ्या भागाची परीक्षा या एका ‘का’पाशीच होते. राक्षस किती विक्राळ आहे, हा प्रश्न नंतरचा.

याचे खणखणीत उत्तर मला सापडले ते ‘तुंबाड’मध्ये. २०१८ सालच्या या चित्रपटाची बोली हिंदी असली तरी त्याची मुळे आपल्या मातीत आहेत. तुंबाड हे खेड तालुक्यातील गाव, श्री. ना. पेंडसे यांच्या १९८७ सालच्या ‘तुंबाडचे खोत’मुळे ते नाव मराठी वाचकांच्या कानांवर आहे. चित्रपटाने नाव घेतले, कादंबरीची कथा घेतली नाही. त्यातील साखळदंडाने बांधलेली म्हातारी आली ती धारपांच्या ‘आजी’ या कथेतून, आणि ती कथा मुळात स्टीफन किंगच्या कथेवर बेतलेली. राही अनिल बर्वे यांनी या साऱ्यातून उभा केलेला, अखंड पावसात भिजणारा वाडा मात्र कोणाचीही उसनवारी वाटत नाही.

नायक विनायक लहानपणी, १९१८ साली, त्या वाड्याच्या छायेतून जिवंत सुटतो. पंधराएक वर्षांनी तो आपण होऊन परततो. त्याची स्मृती शाबूत आहे. आत काय आहे ते त्याला पुरते ठाऊक आहे, आणि तरीही तो दोराने त्या गर्भागारात उतरतो. भोवती पिठाचे रिंगण आखायचे, कणकेची बाहुली पुढे करायची, हस्तर ती खाण्यात गुंतला की चार मुद्रा ओरबाडायच्या आणि वर यायचे. पुढे पुढे तर तो पुण्याहून तुंबाडला असा जातो, जसा एखादा वकील तारखेला तालुक्याच्या कोर्टात जावा. मला खरी भीती वाटली ती येथे. हस्तरला पाहून दचकणे क्षणाचे असते. नवराबायकोच्या संसारात त्या मुद्रा वाणसामानासारख्या येऊ लागतात, ते दृश्य बराच काळ पाठ सोडत नाही. परतणे हीच ज्याची कथा आहे, त्या चित्रपटाचा उत्तरभाग त्याच्या पोटातच दडलेला आहे.

१३ सप्टेंबर २०२४ रोजी ‘तुंबाड’ पुन्हा चित्रगृहांत लागला, पहिल्या खेपेपेक्षा अधिक गल्ला त्याने जमविला आणि दुसऱ्या भागाची घोषणाही झाली. मला त्याची धास्ती वाटते. पहिल्याच्या अखेरीस विनायकाचा मुलगा बापाने पुढे केलेले सोने नाकारतो. आता खाली कोण उतरणार, आणि कशासाठी?

आता दाराशी येतो. आपल्या कृष्णराजपुरम स्थानकावरून मारिकुप्पमच्या गाड्या जातात. सकाळी त्यांतून कोलार सोन्याच्या खाणींच्या गावची माणसे बंगळुरात कामाला येतात आणि रात्री परततात. १८८० पासून तेथे जॉन टेलर कंपनीने खाणी चालविल्या. चँपियन रीफ खाण ३ किलोमीटरहून अधिक खोल गेली. त्या खोलीवर खडक साठ अंशांच्या वर तापलेला असे, आणि वरच्या भाराने तो एकाएकी स्फोटासारखा फुटे. माणसे दगडाखाली गाडली जात. जी वाचत, ती पुन्हा पाळीवर जात, त्याच पिंजऱ्यात उभी राहून. खडकाच्या धुळीने फुप्फुसे पोखरणारा सिलिकोसिस निराळाच. (याच अंधारात, २ किलोमीटरहून खोल, १९६५ साली मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी जपानी व ब्रिटिश सहकाऱ्यांसह वातावरणातून येणाऱ्या न्यूट्रिनोंचा मागोवा घेतला. ती हकीकत एका स्वतंत्र व्याख्यानाची धनी आहे.) विनायकाला लोभ खाली नेई, यांना महिन्याचा पगार नेत होता.

‘तुंबाड’ आला त्याच वर्षी या खाणींच्या नावाचा एक कन्नड चित्रपट आला आणि २०२२ साली त्याचा दुसरा भागही झाला. दोन्ही तुफान चालले. त्यांतील बंदूकधारी नायकाविषयी माझी तक्रार नाही, करमणूक ती करमणूक. पण खाणकाम्याचा परतीचा प्रश्न त्यांत कोठे उमटत नाही, आणि ज्यांच्या गावाचे नाव पडद्यावर झळकले त्यांच्या मांडीला मांडी लावून आपण गाडीत बसतो, तेव्हा हे जाणवल्यावाचून राहत नाही.

खाणी २८ फेब्रुवारी २००१ रोजी बंद झाल्या. शाफ्टांत पाणी भरले. वर उरल्या त्या सोने काढून झालेल्या भुकटीच्या टेकड्या. सायनाइडच्या म्हणून त्या ओळखल्या जातात. त्यांतून उरलेसुरले सोने काढण्याच्या प्रस्तावाला २०२४ साली कर्नाटक मंत्रिमंडळाने संमती दिली. म्हणजे येथेही दुसरा भाग होऊ घातला आहे, आणि या खेपेस कोणाला खाली उतरावे लागणार नाही. सकाळच्या गाडीने येणाऱ्यांपैकी कितीजणांना त्या कामावर घेतील, एवढेच आता पाहायचे.