घरे दोन, मूल एक : आरोग्यविम्याचा भार कोणी वाहावा?



सुवर्णमहोत्सवाच्या मंगल प्रसंगी हा विषय काहींना अप्रशस्त वाटेल. परंतु परप्रांतात संसार मोडतो, तेव्हा समजूत घालणारे आजोबा-मामा शेकडो मैलांवर असतात. मग माणसे मंडळातील वडीलधाऱ्यांचा सल्ला घेतात. म्हणून आम्ही हा विषय येथे मांडीत आहोत.

पतिपत्नीचे नाते न्यायालयात संपते. आईबापांचे दायित्व संपत नाही. हिंदू दत्तक व निर्वाह कायदा, १९५६ अन्वये अज्ञान मुलांच्या निर्वाहाची जबाबदारी आई व बाप दोघांवर आहे, आणि त्या निर्वाहात वैद्यकीय उपचारही येतात. ४ नोव्हेंबर २०२० रोजी ‘रजनेश विरुद्ध नेहा’ या निकालात सर्वोच्च न्यायालयाने निर्वाहाच्या दाव्यांत उभय पक्षांनी मालमत्ता व देण्यांचे प्रतिज्ञापत्र द्यावे, असे ठरविले. वाटणी न्याय्य व्हावयाची तर आधी प्राप्ती उघड हवी.

पोटगीच्या आकड्यावर महिनोन्महिने घासाघीस चालते. विमा मात्र विसरला जातो. मूल बहुधा एकाच्या नोकरीतील गटविम्यात असते. ती नोकरी सुटली की छत्र जाते. मूल आईबरोबर सांगलीस येते आणि विम्याचे कार्ड इंदुरात राहते!

म्हणून समजुतीच्या कराराच्या लेखातच चार गोष्टी याव्यात. पहिली, हप्त्याची वाटणी प्राप्तीच्या प्रमाणात असावी : मासिक प्राप्ती ६० व ४० हजार असेल, तर वर्षाच्या २० हजारांपैकी एकाने १२ व दुसऱ्याने ८ हजार द्यावेत. दुसरी, विमा जे देत नाही तो औषधांचा, दातांचा, चष्म्याचा खर्चही त्याच प्रमाणात वाटावा. तिसरी, कार्ड व पॉलिसीची प्रत मूल राहते त्या घरी असावी, आणि त्या गावी रोख न भरता उपचार देणारे रुग्णालय आहे, हे आधी पाहावे. चौथी, नूतनीकरणाची तारीख व जबाबदार व्यक्ती नमूद करावी. हप्ता चुकून पॉलिसी खंडित झाली, तर नव्या पॉलिसीत जुन्या आजारासाठी ३६ महिन्यांपर्यंत थांबावे लागू शकते. दम्याच्या मुलाला ही तीन वर्षे फार जड जातात.

उभयतांचा एकमेकांवरील राग खरा असेल. पण त्याची किंमत लेकराने का द्यावी? वडीलधाऱ्यांनी कोणाची बाजू न घेता एवढा एक कागद करवून घेतला, तरी मोठे काम होईल.