टेकाड कोणी रचले?



इतिहास म्हटला की राजे आणि लढाया डोळ्यांपुढे येतात. मी कामगार संघटनेतला माणूस. एखादी वास्तू पाहिली की ती कोणाच्या हातांनी उभी राहिली, हे मी आधी विचारतो. तोच प्रश्न घेऊन आज आपण नेदरलँड्सच्या उत्तरेस, फ्रीजलंड प्रांतातल्या हेगेबाइंटम या खेड्यात जाऊ.

खेडे इवलेसे. वस्ती शंभराच्या आत. एक चर्च, थोडी घरे आणि भोवती सपाट कुरणे. पण चर्च ज्या टेकाडावर उभे आहे, ते सुमारे ९ मीटर उंच असून माणसांनी रचलेले आहे. अशा टेकाडाला तिकडे 'टेर्प' म्हणतात. त्या देशातला सर्वांत उंच टेर्प तो हाच.

दोन हजार वर्षांपूर्वी त्या किनाऱ्याला समुद्रबांध नव्हता. वादळी भरती आली की सारा मुलूख पाण्याखाली जाई. म्हणून लोकांनी चिकणमातीची ढेकळे, शेण, राख, केरकचरा थरावर थर टाकून पायाखालची जमीनच वर उचलली. पहिल्या शतकातला रोमन लेखक प्लिनी याने फ्रीजियनांच्या शेजारच्या चाउकी लोकांच्या अशा वस्त्यांविषयी लिहून ठेवले आहे. चिखल वाळवून जाळणारी, पावसाचे पाणी साठवून पिणारी ती माणसे त्याला केविलवाणी वाटली. एवढे असून रोमची सत्ता म्हणजे गुलामी असे ती म्हणतात, याचे त्याला मोठे नवल वाटले! मला त्या नवलाचेच नवल वाटते.

पुढे सुमारे इसवी सन १००० नंतर समुद्रबांध उभे राहू लागले. जो बांध घालणार नाही त्याने गाव सोडावे, अशी तिकडे म्हणच पडली. पाणी एका फटीतून शिरले तरी सगळ्यांच्या घरात येते, हे तिथे कोणाला शिकवावे लागत नव्हते.

बांध पक्के झाले आणि टेर्पची गरज संपली, असे वाटू लागले. एकोणिसाव्या शतकात त्याच्या मातीला खत म्हणून भाव आला. आपल्याकडेही जुन्या पांढरीची माती शेतकरी शेतात नेतात, कारण तेच. फ्रीजलंडमध्ये टेर्पमागून टेर्प खणले गेले आणि माती होड्यांत भरून हलक्या जमिनींकडे रवाना झाली. १९०० च्या सुमारास हेगेबाइंटमवरही फावडी चालली. जुनी थडगी उघडी पडली. खणाई थांबली ती चर्चच्या अंगाशी. तिथला तुटलेला कडा आजही दिसतो.

खणणाऱ्या मजुराला मी दोष देत नाही. त्याला त्या दिवसाची मजुरी हवी होती. हलक्या जमिनीच्या शेतकऱ्यालाही देत नाही. पण जमिनीचा कागद एकाच्या नावावर असला, तरी तिची उंची अनेक पिढ्यांच्या पाट्यांनी आलेली होती. ती पाटीच्या भावाने विकली गेली.

त्या चर्चमध्ये सरदार घराण्यांच्या मृतांचे कोरीव स्मृतिफलक टांगलेले आहेत. ज्यांनी टेकाड रचले, त्यांचा फलक कोठेही नाही. त्यांचे नाव त्या मातीतच आहे, आणि म्हणून उरलेली माती राखली पाहिजे.

मित्रहो, आपल्याही पायाखाली अशी पुष्कळ उंची आहे. कामाचे आठ तास, आठवड्याची सुट्टी ही आपोआप आलेली नाहीत. कोणीतरी पाटी पाटीने ती रचली. आता पाणी येत नाही, म्हणून ती विकायला काढू नका, एवढीच माझी विनंती.