‘पाणी’ की ‘पानी’? बातम्या वाचणाऱ्या स्मिता पाटीलची गोष्ट

(या भागाचं हे लिखित रूप. बोलताना आलेले ‘म्हणजे’ आणि ‘ओके’ जमतील तेवढे गाळलेत. काही राहिले असतील तर चालवून घ्या.)

हेडफोन लावलेत ना? कसारा लोकलमध्ये बसून ऐकत असाल तर आवाज थोडा वाढवा. आसनगाव सोडलं की डबा रिकामा होतो आणि खडखडाट वाढतो, हे आपल्याला माहीतच आहे.

आजचा विषय आहे बातम्या वाचणारी माणसं. सुरुवात मात्र घरातून करतो.

माझी एक मावसबहीण आहे, खर्डीची. बावीस वर्षांची. नाव सांगणार नाही, नाहीतर ती मला घरात घेणार नाही. दोन मैत्रिणींच्या मदतीने तिने मोबाईलवर बातम्यांचं चॅनेल सुरू केलं. एक ट्रायपॉड, कॉलरला लावायचा माइक आणि मागे भिंतीवर निळी चादर, एवढाच स्टुडिओ. बातम्या आपल्याच. कुठल्या पाड्यावर टँकर आला नाही, दाखल्यासाठी शहापूरला किती खेपा माराव्या लागतात, कुठली गाडी किती उशिरा आली.

गेल्या मे महिन्यात तिने टँकरची बातमी केली. चांगली केली होती. पण वाचताना ती एकदा ‘पाणी’ऐवजी ‘पानी’ म्हणाली. मग काय, खाली कमेंट्सची रांग. टँकरबद्दल कोणी बोलेना, सगळे ‘पानी’वर. ‘आधी मराठी शिक, मग बातम्या दे.’ हसण्याचे इमोजी तर विचारू नका. रात्री तिने व्हिडिओ काढून टाकला. दुसऱ्या दिवशी मला फोन.

“दादा, तू कॉम्प्युटरवाला आहेस ना? मला एआयचा आवाज लावून दे. मी लिहीन, त्याला वाचू दे.”

मी बीटेक, सॉफ्टवेअरमध्ये नोकरी. असलं काम मिळालं की आम्हाला आनंदच होतो. शनिवारी बसलो आणि संध्याकाळपर्यंत तयार. यात नवीन काहीच नाही. २०२३ मध्ये ओडिशातल्या एका वाहिनीने ‘लिसा’ नावाची एआय अँकर आणली, ‘आज तक’ने ‘सना’ आणली. तर आमच्या यंत्राने ‘पाणी’ अगदी स्वच्छ म्हटलं. ण एकदम खणखणीत. पण पाड्याचं नाव असं काही उच्चारलं की तिथल्या माणसालाही आपलं गाव ओळखू आलं नसतं. आणि दुसरी गोष्ट त्याहून खटकली. ‘चार दिवस टँकर आला नाही’ हे वाक्य त्याने ‘आज आकाश निरभ्र राहील’ या वाक्यासारखंच वाचलं. तोच सूर, तोच वेग.

आजी शेजारी बसली होती. म्हणाली, “ही कोन बाई? हिला तहान लागलेली दिसत नाय.”

मी लॅपटॉप मिटला. आणि तेव्हापासून हा प्रश्न डोक्यात बसला की बातमी वाचणारा माणूस नेमकं काय करतो? वाचता तर सगळ्यांनाच येतं.

त्यासाठी थोडं मागे जाऊ या. २ ऑक्टोबर १९७२. मुंबईत टीव्ही सुरू झाला. दिल्लीत १९५९ मध्येच सुरू झाला होता, देशातलं दुसरं केंद्र म्हणजे मुंबई. तेव्हा टीव्ही हा आकाशवाणीचाच भाग होता. दूरदर्शन वेगळं झालं १९७६ मध्ये. चित्र काळं-पांढरं. आणि मराठी माणूस पहिल्यांदाच घरात बसून बातमी नुसती ऐकत नव्हता, बातमी सांगणाऱ्याचा चेहरा बघत होता. रेडिओवर आवाज पुरायचा. इथे डोळेही आले.

त्या सुरुवातीच्या चेहऱ्यांमध्ये एक होती स्मिता पाटील. हो, तीच. सिनेमातली. सिनेमात येण्याआधी ती मुंबई केंद्रावर मराठी बातम्या वाचायची. तेव्हा तिने विशीही गाठली नव्हती.

जन्म पुण्याचा, १७ ऑक्टोबर १९५५. घर मूळचं शिरपूरचं, धुळे जिल्ह्यातलं, म्हणजे अहिराणीच्या मुलखातलं. वडील शिवाजीराव राजकारणात, आई विद्याताई सामाजिक कामात. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकात ती लहानपणी गाणी-नाटकं करायची. म्हणजे माणसांसमोर उभं राहायची सवय होती, पण अभिनयाचं रीतसर शिक्षण वगैरे काही नव्हतं.

तिच्याबद्दलचा एक किस्सा खूप प्रसिद्ध आहे. ती जीन्स घालून केंद्रावर यायची आणि बातम्यांची वेळ झाली की जीन्सवरच साडी गुंडाळून कॅमेऱ्यासमोर बसायची. आपण व्हिडिओ कॉलवर वर शर्ट आणि खाली हाफ पँट घालून बसतो ना, त्याच्या जवळपास पन्नास वर्षं आधीची गोष्ट ही! पण मला त्या किश्श्यातलं दुसरंच काहीतरी आवडतं. ती मुलगी रोज दोन दुनिया पायात आणि खांद्यावर घेऊन बसायची, आणि बघणाऱ्याला दिसायचा फक्त शांत चेहरा.

आता त्या वेळचं काम कसं चालायचं, ते ऐका. आज स्टुडिओत टेलिप्रॉम्प्टर असतो. कॅमेऱ्यासमोर तिरकी काच, खालच्या पडद्यावरची अक्षरं तिच्यात उमटतात आणि ती वाचताना नजर थेट प्रेक्षकाकडे राहते. मोबाईलवर याची फुकट ॲप्स आहेत, आमची बहीणही तेच वापरते. तेव्हाचे निवेदक कागद बघून वाचायचे. मान खाली, वाक्याचा पहिला भाग उचलायचा, मान वर, प्रेक्षकाकडे बघून उरलेला भाग सांगायचा. म्हणजे अर्धं वाक्य डोक्यात साठवून ठेवावं लागायचं. आणि जे डोक्यात साठवायचं, ते समजल्याशिवाय साठत नाही. आमच्या यंत्रात नेमकी हीच पायरी नव्हती. त्याने अक्षरं घेतली आणि आवाज दिला. मधलं समजणं गायब.

आता भाषेचा मुद्दा. त्याच काळात मुंबई केंद्रावर बातम्या वाचणारी आणखी एक मोठी बाई म्हणजे भक्ती बर्वे. त्या आकाशवाणीवर निवेदनही करायच्या. वाणी इतकी स्पष्ट की विचारू नका. आणि त्यांचं सगळ्यात गाजलेलं नाटक कुठलं? ‘ती फुलराणी’, १९७५ चं. पु. ल. देशपांड्यांनी शॉच्या ‘पिग्मॅलियन’वरून केलेलं. त्यात काय आहे? रस्त्यावर फुलं विकणाऱ्या एका मुलीला एक भाषेचा प्रोफेसर ‘शुद्ध’ बोलायला शिकवतो. म्हणजे प्रमाण मराठीत बातम्या वाचणारी बाई रंगमंचावर कोण झाली, तर जिच्या बोलण्याला सगळे हसतात ती मुलगी! आणि प्रेक्षक कुणाच्या बाजूने उभे राहिले? तिच्याच.

मी हे बहिणीला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, “दादा, ते नाटक होतं. मला खरोखर हसले.” यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. खरंच नव्हतं.

परत स्मिताकडे येऊ. श्याम बेनेगल यांनी तिला टीव्हीवर बातम्या वाचताना पाहिलं. १९७५ मध्ये त्यांच्या ‘चरणदास चोर’ या लहान मुलांसाठीच्या सिनेमात ती दिसली. त्याच वर्षी ‘निशांत’. १९७६ ला ‘मंथन’, गुजरातच्या दूध सहकारी चळवळीवरचा. हा सिनेमा पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये देऊन उभा केला, हे ऐकलं असेलच. १९७७ ला ‘भूमिका’, अभिनेत्री हंसा वाडकर यांच्या आयुष्यावर बेतलेला. त्यासाठी तिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पुढे मुंबईच्या झोपडपट्टीतल्या आयुष्यावरच्या ‘चक्र’साठी पुन्हा एकदा.

आता ही यादी जरा वेगळ्या नजरेने बघा. दूध घालणारी बाई, झोपडपट्टीतली बाई, जमीनदाराच्या ताब्यातल्या गावातली बाई. बातमीत ही माणसं कशी येतात? दोन ओळींत. ‘अमुक ठिकाणी तमुक घडलं.’ पुढची बातमी. स्मिताच्या मनात काय होतं, हे मी सांगू शकत नाही. पण मला असं दिसतं की जी मुलगी आधी दोन ओळी वाचत होती, ती पुढे त्या ओळींतल्या बाईच्या घरात जाऊन राहिली.

आणि आपल्या भागासाठी सगळ्यात महत्त्वाचा सिनेमा म्हणजे ‘जैत रे जैत’, १९७७. दिग्दर्शक जब्बार पटेल, गो. नी. दांडेकरांची कादंबरी, ना. धों. महानोरांची गाणी, हृदयनाथ मंगेशकरांचं संगीत. गाणी तुम्ही सगळ्यांनी कुठे ना कुठे रीलवर ऐकलीत. पण ही गोष्ट कुणाची आहे? ठाकरांची. आपल्या शहापूर-मुरबाडच्या डोंगरांत, पाड्यांवर राहणारे जे ठाकर, त्या समाजाची. नाग्या झालेत मोहन आगाशे आणि चिंधी झालीय स्मिता. त्या सिनेमात ती रानातल्या बोलीच्या वळणाने बोलते. वरळीच्या स्टुडिओत बसून प्रमाण मराठी वाचणारं तेच तोंड! तिला दोन्ही येत होतं, आणि एक आलं म्हणून दुसऱ्याची लाज वाटली नाही.

स्मिता फार लवकर गेली. १९८५ मध्ये पद्मश्री मिळाली, २८ नोव्हेंबर १९८६ ला मुलगा झाला आणि १३ डिसेंबरला बाळंतपणानंतरच्या गुंतागुंतीमुळे तिचा मृत्यू झाला. वय एकतीस. माझ्यापेक्षा थोडीच मोठी. ‘मिर्च मसाला’ तर ती गेल्यानंतर पडद्यावर आला.

आता आपल्याकडे येतो. आपलं नाव बातम्यांत कधी येतं, सांगा बरं? पावसाळ्यात. ‘मुंबईकरांसाठी आनंदाची बातमी, तानसा तलाव ओसंडून वाहू लागला.’ तानसा कुठे, शहापूर तालुक्यात. धरण १८९२ चं. भातसा कुठे, शहापूर तालुक्यात. मुंबईच्या पाण्याचा जवळपास निम्मा वाटा एकट्या भातसाचा. आणि याच तालुक्यातल्या कित्येक पाड्यांवर उन्हाळ्यात बायका टँकरची वाट बघत हंडे रांगेत लावतात. यात वाहिन्यांचा अँकर खोटं बोलत नाही. तलाव भरला ही बातमी खरीच आहे. पण ती कुणाच्या खिडकीतून बघितलेली आहे, ते कळतं. हंड्यांच्या बाजूने बघणारी आमच्याकडे एक मुलगी होती आणि तिला आपण एका अक्षरावरून घरी बसवत होतो.

म्हणून मी पुढच्या रविवारी खर्डीला गेलो. यंत्राचा आवाज दिला नाही. तिला म्हटलं, “दोन गोष्टी करू. एक, ण चा सराव कर. कमेंटवाल्यांसाठी नाही. बातमी नाशिकच्या माणसालाही कळावी आणि नागपूरच्याही, त्यासाठी एक सामाईक भाषा लागते, तेवढ्यासाठी. रोज दहा मिनिटं मोठ्याने पेपर वाच. दुसरी गोष्ट, पाड्यावरची बाई ‘पानी नाय’ म्हणाली तर ते तसंच ठेवायचं. तिच्यावर आपला आवाज चढवायचा नाही आणि तिची भाषा सुधारायची नाही.”

ती म्हणाली, “आणि माझीच जीभ घसरली तर?”

म्हटलं, “तर घसरली. पुढचं वाक्य वाच. व्हिडिओ काढायचा नाही.”

टँकरची बातमी तिने पुन्हा केली. आधी त्या पाड्यावर जाऊन बसली, मग घरी येऊन निळ्या चादरीसमोर वाचली. या वेळी कागदावरून, मान वर करत, एक-एक वाक्य. मी कॅमेरा धरला होता. दोनदा अडखळली. ‘पाणी’ चार वेळा आलं, त्यात एकदा ‘पानी’ झालं. आम्ही ते तसंच ठेवलं. कमेंट आल्याच, हसणारेही आले. पण एका पाड्यावरच्या बाईने व्हॉइस नोट पाठवली: “पोरी, आमच्याकडंबी ये, आमचापन टँकर नाय.”

बहीण परवा तिकडे जाऊन आली. तो व्हिडिओ या आठवड्यात येईल.

तुमच्या गावात, तालुक्यात असं कोणी मोबाईलवर बातम्या देत असेल, तर पुढच्या वेळी कमेंट टाकण्याआधी बातमी काय आहे ते एकदा नीट ऐका. आणि तुम्ही स्वतःच देत असाल, तर मला तुमच्या आवाजात एक बातमी पाठवा, अडखळलेली चालेल. पुढच्या भागात त्यातल्या काही ऐकवू.

चला, उंबरमाळी येतंय. भेटू.