पोरांचे कॉलेज पारखून घ्या



बैल घ्यायचा म्हटला तर आपण काय करतो? बाजारात जातो. बैलाचे दात बघतो. खूर बघतो. चार पावले चालवून बघतो. मग पैसे मोजतो.

आता दुसरी गोष्ट बघा. पोरगा किंवा पोरगी बारावी पास होते. तिला कॉलेजात घालायचे असते. कुणीतरी रंगीत कागद आणून देतो. त्यावर मोठ्या इमारतीचे चित्र असते. ते बघूनच आपण होकार देतो. बैलाच्या किमतीहून कितीतरी जास्त पैसे आपण न पारखता मोजतो!

आज आम्ही याच विषयावर बोलणार आहोत. त्यातही एका खास शिक्षणाबद्दल. माती, पाणी आणि रान राखण्याचे हे शिक्षण. पुस्तकात याला ‘नैसर्गिक साधनसंपत्तीचे संवर्धन’ म्हणतात. नाव मोठे, पण काम आपल्या घरचेच.

तुमच्यातल्या म्हाताऱ्या माणसांना १९७२ चा दुष्काळ आठवत असेल. त्या वेळी दुष्काळी कामांवर लोकांनी तलाव खोदले, बांध घातले. कष्ट आपल्या माणसांचे होते. पण बांध कुठे घालायचा, पाणी कुठे मुरेल, हे शिकलेला माणूस आखून देत होता. तसा शिकलेला माणूस आपल्याच घरातून निघाला तर? म्हणून हे शिक्षण चांगले. मात्र ते नीट ठिकाणी आणि झेपेल अशा खर्चात मिळाले पाहिजे.

आपल्या राज्यात याच्या तीन वाटा आहेत.

पहिली वाट वनविद्येची. झाडे, जंगल, रोपवाटिका, वन्यप्राणी यांचे हे शिक्षण चार वर्षांचे असते. दापोली आणि अकोला येथे कृषी विद्यापीठांची अशी सरकारी कॉलेजे आहेत.

दुसरी वाट कृषी अभियांत्रिकीची. तीही चार वर्षांची. यात बांधबंदिस्ती, पाणी अडवणे, पाणी जिरवणे हे विषय शिकवतात. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली या चारही कृषी विद्यापीठांत हे शिक्षण मिळते.

या दोन्ही वाटांसाठी मुलाने बारावीला विज्ञान घेतलेले असावे लागते. शिवाय ‘सीईटी’ नावाची परीक्षा द्यावी लागते.

तिसरी वाट तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या कॉलेजातली. तिथे बी. एस्सी.ला वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, भूशास्त्र असे विषय असतात. पुष्कळ लोक या वाटेला कमी समजतात. तसे समजू नका. राज्याच्या वनसेवेची परीक्षा असते. तिच्यातून वनक्षेत्रपाल आणि सहायक वनसंरक्षक निवडतात. या विषयांचे पदवीधरही त्या परीक्षेला बसू शकतात. घरची गरिबी असेल तर जवळचे अनुदानित कॉलेज हीसुद्धा चांगली वाट आहे. दुरून डोंगर साजरे, हे विसरू नका.

पण एक स्पष्ट सांगतो. पदवी मिळाली म्हणजे नोकरी ठरलेली, असे कुणी म्हणाले तर विश्वास ठेवू नका. जागा थोड्या असतात. परीक्षा द्यावी लागते. नोकरीची एखादी जुनी जाहिरात मिळवा. तिच्यात कोणती पदवी मागितली आहे, ते आधी वाचा.

आता कॉलेज कसे पारखायचे, ते ऐका.

पहिली पारख पदवीची. आमच्या ओळखीच्या एका शेतकऱ्याने दोन एकर गहाण टाकून मुलाला शिकवले. दलाल घरी आला होता. संस्थेचे नाव भारदस्त होते. अभ्यासक्रमाच्या नावात ‘पर्यावरण’ होते. तीन वर्षांनी मुलाला कागद मिळाला. नोकरीचा अर्ज भरला, तो परत आला. कारण काय? त्या संस्थेला पदवी देण्याचा अधिकारच नव्हता! मुलाची तीन वर्षे गेली. जमीन सोडवायला बापाला त्याहून जास्त वर्षे लागली. त्या घरात मागे धाकटी मुलगी होती. ती हुशार होती. पण तिच्या शिक्षणाला काही उरलेच नाही.

म्हणून हे लक्षात ठेवा. आपल्या देशात १९५६ चा कायदा आहे. त्याप्रमाणे पदवी देण्याचा अधिकार विद्यापीठांना आणि कायद्याने तसा हक्क दिलेल्या संस्थांनाच असतो. विद्यापीठ अनुदान आयोग खोट्या विद्यापीठांची यादी जाहीर करतो. कॉलेजला विचारा, “पदवी कोणत्या विद्यापीठाची?” मग त्या विद्यापीठाकडे विचारा, “हे कॉलेज तुमचे आहे का?” दोन्हीकडे ‘हो’ आले, तरच पुढे जा. ‘मान्यता लवकरच मिळणार आहे’ असे कुणी म्हणाले, तर तिथूनच माघारी फिरा.

दुसरी पारख शिकवण्याची. कॉलेजची तपासणी करणारी ‘नॅक’ नावाची संस्था आहे. ती १९९४ साली निघाली. शेतीच्या शिक्षणाची तपासणी भारतीय कृषी अनुसंधान परिषद करते. कॉलेजला यांचे प्रमाणपत्र आहे का, ते विचारा. त्यावरची तारीख वाचा. मुदत संपली नाही ना, तेही बघा.

पण कागदावरच थांबू नका. एक दिवस स्वतः जाऊन या. रोपवाटिका कुठे आहे? माती तपासण्याची प्रयोगशाळा उघडी असते की कुलूप लावून? मास्तरांच्या किती जागा रिकाम्या आहेत? मुलांना रानात नेतात का? वनविद्येच्या शिक्षणात शेवटच्या वर्षी मुलांना प्रत्यक्ष कामावर पाठवायचे असते. कुठे पाठवतात, ते विचारा. ही माहिती साहेबाकडून घ्या. मग झाडाखाली बसलेल्या मुलांनाही तेच विचारा. मुले खरे सांगतात. माती राखायला शिकवणारे कॉलेज आणि मुलांच्या हाताला माती लागतच नाही, तर ते शिक्षण कसले?

तिसरी पारख खर्चाची. इथे पुष्कळ जण फसतात. फक्त फी बघतात. आपण एक हिशेब मांडू. समजा, पहिल्या कॉलेजची फी वर्षाला ५०,००० रुपये आहे. वसतिगृहाचे ८,००० आणि खाणावळीचे ३०,०००. एकूण झाले ८८,०००. दुसऱ्या कॉलेजची फी ४०,००० आहे. पण तिथे वसतिगृह नाही. खोलीचे भाडे ३६,००० आणि खाणावळ ३५,०००. एकूण झाले १,११,०००. आता चार वर्षांचे करा. पहिले पडले ३,५२,००० ला. दुसरे पडले ४,४४,००० ला. कमी फीचे कॉलेज ९२,००० रुपयांनी महाग निघाले! म्हणून हिशेब पूर्ण चार वर्षांचा करा. येण्याजाण्याचे भाडे, पुस्तके, सहलीचा खर्चही त्यात धरा.

चौथी गोष्ट मदतीची. ८ जुलै २०२४ रोजी राज्य सरकारने एक निर्णय काढला. घरचे उत्पन्न वर्षाला ८ लाखांपर्यंत असेल, आणि मुलगी आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास किंवा इतर मागास वर्गातली असेल, तर तिची शिकवणी फी आणि परीक्षा फी सरकार भरते. ही सवलत व्यावसायिक शिक्षणासाठी आहे. प्रवेश मात्र सरकारी प्रवेश यादीतून मिळालेला पाहिजे. व्यवस्थापनाच्या कोट्यातून घेतला तर ही सवलत नाही. तेव्हा पोरीचे शिक्षण परवडत नाही, असे म्हणण्याआधी चौकशी करा.

मुलांसाठीही योजना आहेत. फीसाठी राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची योजना आहे. राहण्याच्या खर्चासाठी डॉ. पंजाबराव देशमुखांच्या नावाची आहे. अनुसूचित जाती-जमातींच्या मुलांना भारत सरकारची शिष्यवृत्ती आहे. अर्ज ‘महाडीबीटी’वर भरतात. त्याला उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, जातीचा दाखला आणि पडताळणी लागते. निकालानंतर तहसिलीत गर्दी उडते. म्हणून मुलगा अकरावीत असतानाच कागद गोळा करा. घर जळू लागल्यावर विहीर खणून उपयोग नाही.

शेवटची गोष्ट सहीची. पूर्वी आपण अंगठा उठवत होतो. कागदावर काय आहे, ते कळत नव्हते. आता तुम्हाला वाचता येते. मग वाचल्याशिवाय सही करू नका. अक्षर बारीक असेल तर सावकाश वाचा. मागे रांग असली तरी असू द्या. पैसे दिले की पावती घ्या. पावतीवरचा आकडा तिथेच वाचा. मुलाचे मूळ दाखले कॉलेजला ठेवून घेता येत नाहीत. ते तपासून परत द्यायचे, असा विद्यापीठ अनुदान आयोगाचा नियम आहे. जमीन गहाण टाकण्याचा विचार मनात आला, तर आधी बँकेत जा. शिक्षणाच्या कर्जाची माहिती घ्या.

मंडळी, उद्या वर्गाला येताना वहीत हे पाच प्रश्न लिहून आणा.

१. पदवी कोणत्या विद्यापीठाची?
२. तपासणीचे प्रमाणपत्र कधीपर्यंतचे?
३. मुलांना प्रत्यक्ष काम कुठे शिकवतात?
४. चार वर्षांचा सगळा खर्च किती?
५. कोणती सवलत मिळते, आणि तिला कोणते कागद लागतात?

ज्यांच्या घरी बारावीचे मूल नाही, त्यांनीही लिहून आणा. शेजाऱ्याच्या घरी असेल. त्याला वाचून दाखवा.